सेन्सर काढून टाकू का?

एका वाचक भगिनीचं पत्र:

"मला टाइप १ मधुमेह आहे, शाळेत असल्यापासून. आता एकतिशीत आहे, पहिलंच गरोदरपण, एकोणिसावा आठवडा चालू आहे. आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर बसवला. तेव्हापासून माझी नजर फोनवरून हटत नाही. जेवताना, आंघोळ करून आल्यावर, रात्री कूस बदलताना, सारखी बघत असते. परवा नाश्त्यानंतर २१२ दाखवली, बाण सरळ वर. इन्सुलिन घेतलं. वीस मिनिटांनी बघितलं तर २०८, म्हणून पुन्हा घेतलं. दुपारी ५१ झाली. हात थरथरत होते आणि डोक्यात एकच, बाळाला काही झालं असेल का. नवरा आणि नणंद, दोघांच्या फोनवर माझे आकडे जातात. दोघं काळजीपोटीच विचारतात, पण 'आता किती?' आणि 'काय खाल्लंस?' सारखं ऐकून रडू येतं. एचबीएवनसी, ती तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, ६.३ आलं, डॉक्टर छान म्हणाले. अॅप मात्र टाइम इन रेंज ५८ टक्के दाखवतं. मग खरं कोणाचं? रात्री अडीच-तीनला 'लो'चा, म्हणजे साखर कमी झाल्याचा, अलार्म वाजतो, उठून गोड खाते, सकाळी शुगर चढलेली असते. वाटतं हे काढून टाकावं आणि पूर्वीसारखं बोट टोचावं. माझ्या जावेलाही सहावा महिना आहे, तिला गरोदरपणातला मधुमेह निघालाय. ती विचारते, मीही लावून घेऊ का?"

काढू नका. तुम्हाला होणारा त्रास खरा आहे आणि तो बराचसा या सेन्सरमुळेच होतोय, हे मला मान्य आहे. पण तो दंडावर कसा बसवायचा हे तुम्हाला दाखवलं गेलं आणि त्यातून आलेली माहिती कशी वाचायची हे सांगायचं राहून गेलं, असं पत्रावरून दिसतं. ते राहिलेलं आज सांगते.

आधी मनात सलणारी गोष्ट. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. म्हणून जन्मजात दोषांच्या दृष्टीनं गर्भ राहण्याआधीची आणि त्या सुरुवातीच्या आठवड्यांतली साखर सर्वांत महत्त्वाची असते. तो काळ मागे पडला. अवयवांची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात. झाली नसेल तर लगेच करून घ्या आणि बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी हवी का, तेही विचारा. तुमच्या शंकेचं उत्तर त्या तपासणीत मिळेल, फोनवरच्या बाणात नाही.

इथून पुढे साखरेचा मुख्य परिणाम होतो तो बाळाच्या वाढीवर. आईचं ग्लुकोज वारेतून बाळाकडे जातं, आईचं इन्सुलिन जात नाही. ग्लुकोज जास्त आलं की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि मग त्याच्या अंगावर, विशेषतः पोटाभोवती आणि खांद्यांभोवती, चरबी साठते. जन्मानंतर नाळ कापली की आईकडून येणारं ग्लुकोज एकदम बंद होतं, पण बाळाच्या स्वादुपिंडाला लागलेली सवय लगेच सुटत नाही. अशा बाळांची साखर पहिल्या काही तासांत खाली जाते आणि काहींना अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. पेडरसन या डॅनिश डॉक्टरांनी १९५० च्या दशकात हे सूत्र मांडलं आणि आजचे उपचार त्याच पायावर उभे आहेत. हे सगळं घडायला साखर दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे चढी राहावी लागते. एका नाश्त्यानंतर तासभर २१२ राहिली म्हणून ते घडत नाही. ५१ बद्दलही सांगते. थोड्या वेळाच्या लोनं बाळाला इजा होते असं माणसांवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. लोचा धोका तुम्हाला असतो. चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं, गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी येणं. म्हणून ती टाळायची.

आता ५८ टक्के आणि ६.३. दोन्ही खरे आहेत, पण सांगतात वेगवेगळं. एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. तुमच्या परवाच्या २१२ आणि ५१ ची सरासरी काढली तर १३१ येते, आणि १३१ दिसायला किती छान दिसते! शिवाय गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे एचबीएवनसी एरवीपेक्षा थोडं कमीच दिसतं. शरीरात लोह कमी असेल तर उलट वाढलेलं दिसू शकतं. त्यामुळे या नऊ महिन्यांत फक्त त्याच्यावर विसंबून चालत नाही.

टाइम इन रेंज म्हणजे दिवसातला किती वेळ साखर ठरलेल्या पट्ट्यात होती. गरोदरपणासाठी हा पट्टा ६३ ते १४० मिलिग्रॅमचा आहे. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं टाइप १ च्या गरोदर स्त्रियांसाठी जे ठरवलं ते असं: पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त वेळ, १४० च्या वर २५ टक्क्यांहून कमी, ६३ च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. टक्केवारीनं घाबरायला होतं, म्हणून तासांत बघा. ७० टक्के म्हणजे जवळजवळ सतरा तास. तुमचे ५८ टक्के म्हणजे चौदा तास. कमी पडताहेत ते दिवसाला तीन तास. आणि पत्रावरून मला तरी दिसतंय की ते तीन तास कुठे आहेत: नाश्त्यानंतरचे दोनेक आणि पहाटे गोड खाल्ल्यानंतरचा एखादा. बाकीचा दिवस तुम्ही उत्तम सांभाळताय. दिवसभर फोन बघून तुम्ही चोवीस तासांशी झुंजताय, तिथे दुरुस्ती हवी आहे फक्त या दोन जागी.

५८ हे अपयशही नाही. २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये 'कन्सेप्ट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टाइप १ असलेल्या २१५ गरोदर स्त्रिया होत्या; काहींना सेन्सर दिला, काहींना फक्त बोट टोचून तपासायला सांगितलं. सुरुवातीला दोन्ही गटांचा टाइम इन रेंज ५२ टक्क्यांच्या आसपास होता. शेवटच्या तिमाहीत सेन्सर असलेल्यांचा ६८ झाला, नसलेल्यांचा ६१. नीट बघा, सेन्सर लावूनही त्या गटाची सरासरी ७० पर्यंत पोचली नव्हती. दोन गटांच्या एचबीएवनसीत फरक पडला तो अगदी किरकोळ, ०.१९ टक्क्यांचा. बाळांमध्ये मात्र फरक मोठा होता. वयाच्या मानानं जास्त वजनाची बाळं ६९ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आली. चोवीस तासांहून जास्त अतिदक्षता विभागात राहावं लागलेली बाळं ४३ वरून २७ वर आली, आणि जन्मानंतर साखर खाली गेल्यामुळे शिरेतून ग्लुकोज द्यावं लागलेली २८ वरून १५ वर. रोजचा थोडा जास्त वेळ पट्ट्यात, एवढ्यानं हा फरक पडला. टाइम इन रेंज पाच टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला सव्वा तासाच्या आसपास वाढला, तरी बाळाच्या दृष्टीनं त्याला अर्थ असतो असं तज्ज्ञ मानतात. सेन्सर काढू नका म्हणते ते यासाठी.

एक गोष्ट आजच तपासा. तुमच्या अॅपमधला पट्टा ६३ ते १४० आहे ना? पुष्कळ अॅपमध्ये तो आपोआप ७० ते १८० असा येतो, कारण तो गरोदर नसलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. पट्टा चुकीचा असेल तर टक्केवारीला अर्थ राहत नाही. अॅपमध्ये नेमका आकडा टाकता येत नसेल तर दवाखान्यात निघणाऱ्या रिपोर्टमध्ये बदलून घ्या.

आता परवाचा नाश्ता. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच ठिकाणी.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. रक्तात जे घडतं ते तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. लवकर काम करणारं इन्सुलिनही टोचल्यावर लगेच कामाला लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी सुरुवात, एक-दोन तासांत सर्वांत जास्त जोर आणि पुढे तीन-चार तास किंवा थोडा जास्तच अंमल. म्हणजे तुम्ही वीस मिनिटांनी २०८ बघितली तेव्हा पहिल्या डोसचं काम नुकतं सुरू होत होतं. तो डोस फुकट गेला असं वाटून तुम्ही दुसरा घेतला. पुढे नाश्त्याचं इन्सुलिन आणि साखर उतरवायला वरून घेतलेले हे दोन डोस असे तिन्ही एकत्र कामाला लागले आणि दुपारी ५१ झाली. सारखं फोन बघण्याचा खरा तोटा हा आहे. पाच-पाच मिनिटांनी आकडा दिसत राहतो आणि हात इन्सुलिनच्या पेनकडे जातो. वरचा डोस घेतल्यावर पुढचा घेण्याआधी किमान किती तास थांबायचं, आणि किती साखरेला किती युनिट, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पेनाजवळच ठेवा. कागदावरची वेळ होईपर्यंत पेन उचलायचं नाही, फोन काहीही दाखवो.

चढलेली साखर नंतर खाली ओढण्यापेक्षा ती चढूच नये याची सोय आधी करता येते. सकाळच्या वेळी शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतं, गरोदरपणात तर जास्तच. म्हणून तेवढंच खाऊन संध्याकाळी १३० आणि सकाळी २१० असं होतं. तुम्ही नाश्त्याचं इन्सुलिन नेमकं कधी घेता, पत्रात नाही. ताटावर बसून घेत असाल तर अडचण तिथेच असण्याची शक्यता फार. सहसा जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं सांगतात, आणि गरोदरपण पुढे सरकतं तसं इन्सुलिन अंगात भिनायला जास्त वेळ लागतो, म्हणून काहींना सकाळी अर्धा तास किंवा त्याहूनही आधी घ्यावं लागतं. हे सेन्सरवर फार सुरेख दिसतं. तीन दिवस नाश्ता तोच, डोस तोच, फक्त घेण्याची वेळ डॉक्टरांना विचारून पंधरा मिनिटं मागे न्या आणि तिन्ही सकाळचे आलेख एकावर एक ठेवून बघा. टेकाड बुटकं झालं तर वेळेचा प्रश्न होता. तेवढंच उंच राहिलं तर डोसचा किंवा नाश्त्यातल्या पिष्टमय पदार्थांच्या प्रमाणाचा. मात्र उठल्या उठल्याच साखर ७० च्या आसपास असेल किंवा सकाळी मळमळ, उलटी होत असेल, तर इन्सुलिन आधी घेऊन थांबू नका. घेतलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही आणि खाल्लेलं पोटात राहील याची खात्री नसते.

रात्रीचा अलार्म. फोनवर त्या वेळचा आलेख मोठा करून बघा. लो खरी असेल तर रेघ तास-दीड तास हळूहळू उतरत आलेली दिसते. पण रेघ चांगली सपाट चालली असताना एकदम खड्ड्यात पडावी तशी खाली गेली आणि कूस बदलल्यावर काही न खाताच तेवढ्याच झटक्यानं वर आली, तर तुम्ही सेन्सरच्या दंडावर झोपला होतात. दाबामुळे त्या जागचा द्रव हटतो आणि यंत्राला साखर कमी वाटते. गरोदरपणात कुशीवरच झोपायला सांगतात, त्यामुळे हा प्रकार आणखी वाढतो. ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. अलार्म वाजला की आधी बोट टोचा. ९० आली तर दुसऱ्या कुशीवर वळा आणि झोपा. सकाळची चढलेली साखर मग बहुधा आपोआप सुटेल, कारण ती पहाटेच्या त्या गोडामुळेच असणार. खरोखर ६० च्या आसपास आली तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा बोट टोचूनच बघा. सेन्सर अजून मागेच रेंगाळत असतो, तो लोच दाखवत राहतो आणि घाबरून माणूस तिप्पट खातो. खरी लो लागोपाठ दोन रात्री आली तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. रात्रीचा डोस किंवा जेवणानंतर घेतलेला वरचा डोस बदलावा लागेल.

बोट टोचणं पूर्ण सुटत नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा. नवा सेन्सर बसवल्यावर पहिला दिवस, अंगाला वेगळं आणि यंत्राला वेगळं वाटत असेल तेव्हा, बाण वेगानं वर-खाली जात असताना, आणि गाडी चालवण्याआधी शंका असेल तर टोचा. काही सेन्सरवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाचा, काहींवर पॅरासिटामॉलचा परिणाम होतो. तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात बघून ठेवा. सोनोग्राफीला सेन्सर चालतो. एमआरआयच्या आधी मात्र सांगा, काही सेन्सर काढावे लागतात. चिकटपट्टीखाली पुरळ उठलं तर जागा बदला, सहन करत बसू नका.

दिवसभराच्या बघण्याला मी एक बांध सुचवते. उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी, जेवणानंतर एक आणि दोन तासांनी, झोपताना. एवढंच. मधल्या वेळेची जबाबदारी अलार्मवर सोपवा, तो त्यासाठीच आहे. वरचा अलार्म १४० वर लावू नका. प्रत्येक जेवणानंतर तो ओरडेल, आणि सतत वाजणाऱ्या अलार्मकडे माणूस शेवटी दुर्लक्ष करतो. आत्ता १८० च्या आसपास ठेवा, घडी बसत जाईल तसा डॉक्टरांना विचारून खाली आणा. खालचा अलार्म मात्र चालूच राहू द्या, विशेषतः ५५ च्या आसपासचा तातडीचा. तुम्हाला इतकी वर्षं मधुमेह आहे; अशांना लोची लक्षणं कळेनाशी होतात आणि गरोदरपणात, त्यातही पहिल्या अर्ध्यात, गंभीर लो जास्त येतात.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चौदा दिवसांचा एकत्र आलेख उघडा. त्यात चोवीस तासांच्या पट्टीवर मधली रेघ आणि भोवती सावली दिसते. सावली रुंद आहे ती वेळ अनियमित, अरुंद पण उंच आहे ती वेळ रोज एकसारखी चढी. रोज चढणारी साखर डोस बदलून सुटते. अनियमित असेल तर आधी कारण शोधावं लागतं. लो आणि हाय दोन्ही दिसत असतील तर आधी लो सुधारायची, कारण पुष्कळदा हाय तिच्याच पाठोपाठ येते. हे काम नवऱ्याला बरोबर घेऊन करा.

त्यांच्याबद्दल आणि नणंदेबद्दल. दोघांचा हेतू चांगला आहे, पण सध्याची व्यवस्था बदलायला हवी आणि ती तुम्हीच बदलू शकता. नणंदेला थेट आकडे जाणं बंद करा. वाईट वाटेल असं वाटत असेल तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणा. मी डॉक्टरच आहे आणि मी सांगते आहे. नवऱ्याच्या फोनवर फक्त ५५ च्या खालचा अलार्म ठेवा. तो वाजला आणि तुम्ही पाच मिनिटांत फोन उचलला नाहीत तर काय करायचं, हे त्यांना नेमकं माहीत हवं: ग्लुकागॉन, म्हणजे साखर झटपट वाढवणारं औषध, कुठे ठेवलंय, ते कसं द्यायचं, शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, मदत कुणाकडे मागायची. ग्लुकागॉन गरोदरपणात देता येतं. हे शिकून घेणं हीच त्यांची खरी मदत आहे. आणि 'काय खाल्लंस?' हा प्रश्न घरात बंद व्हायला हवा. तेच ताट, तोच डोस, आणि आकडा सोमवारी १२८, गुरुवारी १८५, असं गरोदरपणात सर्रास होतं. वारेतली संप्रेरकं आठवड्यागणिक वाढत असतात, झोप कमी झालेली असते, इंजेक्शनची जागा बदललेली असते. प्रत्येक वाढीला तुमचं खाणं जबाबदार धरणं शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही. हा परिच्छेद त्यांना खुशाल वाचायला द्या. एवढं करूनही रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, जेवायचीच भीती वाटू लागली असेल, तर पुढच्या भेटीत ते आधी सांगा, आलेख नंतर दाखवा. टाइप १ मध्ये हा ताण फार जणींना येतो आणि त्यावर मदत मिळते.

पुढे काय येणार आहे, तेही आत्ताच ऐका, म्हणजे तेव्हा दचकायला होणार नाही. सुरुवातीच्या महिन्यांत इन्सुलिन कमी लागलं असेल. आता इथून गरज वाढायला लागेल आणि साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाईल. डोस दुप्पट होतो, काहींचा त्याहून जास्त. युनिट वाढताहेत म्हणजे मधुमेह बिघडला असं नाही; वार जोमानं काम करतेय. म्हणूनच गेल्या महिन्याचा डोस या महिन्यात पुरेल असं धरू नका, आणि दोन भेटींमध्ये मोठं अंतर असेल तर रिपोर्ट पाठवून डोस बदलून घेण्याची सोय मागून घ्या. उलट, शेवटच्या काही आठवड्यांत काही कारण नसताना इन्सुलिनची गरज एकदम घसरली, लोवर लो येऊ लागल्या, तर त्याच दिवशी कळवा. बाळाची हालचाल कमी वाटली तर साखर कितीही छान असो, थेट दवाखाना गाठा. वेळेआधी बाळंतपण होण्याची शक्यता दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही दिवस साखर खूप चढते, ते अपेक्षित असतं आणि डोसही तसाच वाढवावा लागतो.

आणखी एक, जे सेन्सर दाखवत नाही. कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं. ती रक्तात साठली की कीटोअॅसिडोसिस होतो, आणि गरोदरपणात तो एरवीपेक्षा लवकर आणि कमी साखरेलाही होतो. उलट्या थांबत नसतील, ताप असेल, श्वास जोरात चालला असेल किंवा साखर २०० च्या वर जाऊन उतरतच नसेल तर कीटोन तपासा. उलट्या होत असताना आकडा २०० च्या आत दिसतोय म्हणून घरी थांबू नका. यात बाळाच्या जिवाला खरा धोका असतो. जेवता येत नाही म्हणून बेसल, म्हणजे दिवसभर अंमल राहणारं, इन्सुलिन स्वतःहून बंद करणं तर कधीच नको.

तुमच्या डॉक्टरांकडे पंप आणि सेन्सर एकत्र चालवणाऱ्या, इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेची सोय असेल तर चौकशी करा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२४ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात अशी यंत्रणा वापरणाऱ्यांचा टाइम इन रेंज ६८ टक्के होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा ५६. मात्र गरोदरपणातल्या कमी पट्ट्यासाठी ती योग्य आहे का, हे आधी विचारायचं. सगळ्या तशा नसतात.

आता जाऊबाई. त्यांचं गणित वेगळं आहे. गरोदरपणातल्या मधुमेहात सहसा दिवसातून चारदा बोट टोचायला सांगतात: उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर. उपाशीपोटी ९५ च्या आत, एका तासानं १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. हे आकडे बहुतेक दिवस जुळत असतील तर सेन्सर हवाच असं नाही. सेन्सरनं बाळांना फायदा होतो याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो टाइप १ चा. त्यांच्या प्रकारच्या मधुमेहासाठी पट्टा तोच, ६३ ते १४०, पण त्यात किती टक्के वेळ हवा हे ठरवण्याइतका पुरावा २०१९ च्या त्या तज्ज्ञ गटाकडे नव्हता. २०१८ च्या एका डच अभ्यासात टाइप १, टाइप २ आणि गरोदरपणातला अशा तिन्ही प्रकारच्या मधुमेहाच्या ३०० स्त्रियांना अधूनमधून सेन्सर लावला आणि त्यातली माहिती नंतर उलगडून बघितली. जास्त वजनाच्या बाळांचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही. जाऊबाईंना इन्सुलिन सुरू झालं असेल, उपाशीपोटीची साखर आटोक्यात येत नसेल, किंवा सुईच्या भीतीनं तपासणंच होत नसेल, तर दोन आठवडे लावून बघण्यात अर्थ आहे, तोही डॉक्टरांशी बोलून. मला भीती दुसरीच आहे. आलेखातलं प्रत्येक टेकाड सपाट करायच्या नादात काही जणी जेवणच तोडतात. मग आकडे सुंदर दिसतात, पण वजन वाढत नाही आणि कीटोन वाढतात. त्यांनी पोटभर, विभागून खायलाच हवं. आणि एकाच घरात दोन गरोदर बायका असताना दोघींचे आकडे शेजारी ठेवून बघणं कटाक्षानं टाळा. त्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन तयार होतंय, तुमच्या शरीरात होत नाही. तुमची १५० आणि त्यांची ११० यात डावं-उजवं करण्यासारखं काहीच नाही.

राहिलं बाळंतपण. कळा सुरू झाल्यावर साखर दर तासाला बोट टोचून बघतात; सेन्सर अंगावर ठेवू द्याल का, हे आधीच विचारून ठेवा, कारण प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. वार बाहेर पडली की इन्सुलिनची गरज त्याच क्षणापासून कोसळते, आणि आदल्या दिवसाचा डोस घेतला तर गंभीर लो होते. म्हणून बाळंतपणानंतरचे डोस वेगळ्या कागदावर लिहून घ्या आणि साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत तो कागद बॅगेत पडू द्या. त्याची एक प्रत नवऱ्याकडे हवी. अंगावर पाजताना साखर आणखी उतरते, तेव्हा पाजायला बसताना ग्लुकोज हाताशी ठेवा, आणि बाळंतपणाच्याच दिवशी सेन्सरचा पट्टा पुन्हा ७० ते १८० करून घ्या.